काळी गाडी रोज चालवायची आणि चकचकीतही ठेवायची: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसच्या बेसमेंटमध्ये आणि पंपावर हवा भरताना विचारले जातात. उत्तरं रोज चालणाऱ्या गाडीसाठी आहेत. सकाळी घोडबंदर रोडला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याला लागणारी, दिवसभर उन्हात उभी राहणारी, रात्री इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये येऊन झोपणारी गाडी. जिला स्वतःचं गॅरेज आहे आणि जी महिन्यातून एकदाच बाहेर पडते, तिला यातलं निम्मं लागू नाही.

काळ्याच गाडीवर एवढे ओरखडे का? शेजारच्यांची पांढरी गाडी महिनोन्महिने धुतली नाही तरी बरी दिसते.

ओरखडे दोन्ही गाड्यांवर तितकेच असतात. रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. रोजचे बारीक चरे पडतात ते या थरात. चऱ्याच्या कडेवरून उजेड परततो. पांढऱ्या रंगावर तो मागच्या उजेडात मिसळून जातो, काळ्यावर मात्र एकेक रेघ उठून दिसते.

बॉनेटवर दिव्याभोवती गोल गोल जाळी दिसते, तीही प्रत्यक्षात गोल नसते. चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यातले दिव्याच्या किरणाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि आपल्याला वर्तुळाचा भास होतो. गाडीची खरी अवस्था बघायची असेल तर घरच्या ट्यूबलाइटवर विसंबू नका. रात्री पंपाच्या छताखालच्या एलईडीत बॉनेट बघा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. एकदा बघितलं की दोन दिवस जेवण गोड लागत नाही, याची तयारी ठेवा.

प्रदर्शनातल्या गाडीसारखी चमक रोजच्या गाडीवर खरंच टिकते का?

त्याच्या बरीच जवळ जाता येतं. प्रदर्शनात येणाऱ्या गाड्या बहुधा ट्रेलरवरून येतात आणि उतरल्यावर तासन्‌तास पुसल्या जातात. आपण तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षाच्या हँडलपासून वीतभर अंतरावर उभे असतो. पुढच्या बंपरवर खडीचे टिपके पडणार, ते धरून चालायचं. पण बॉनेट, छत, दरवाजे आणि डिकी वर्षानुवर्षं आरशासारखी राहू शकतात.

त्यासाठी महागडी बाटली लागते असा समज आहे. माझं मत उलटं आहे. क्लिअर कोट सपाट असेल तर गाडी चमकतेच, आणि तो सपाट राहतो कोरडा हात कमी लागल्याने. काळ्या गाडीचं सर्वांत जास्त नुकसान ती पुसताना होतं. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ हेच आहे.

सोसायटीत गाड्या पुसायला रोज सकाळी एक भाऊ येतात. त्यांना बंद करू का?

बंद करायलाच हवं असं नाही, पण काम बदलून घ्यावं लागेल. एकदा सकाळी साडेसहाला खाली उतरून बघा. एक बादली, एकच कपडा, ओळीने वीस-पंचवीस गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यात कपडा बुडवून पिळायचा आणि छतापासून सिलपर्यंत, म्हणजे दरवाज्याखालच्या पट्टीपर्यंत, एका दमात ओढायचा. त्या कपड्यात शेजारच्या एसयूव्हीच्या चाकावरची रेतीही असते. घोडबंदरकडे मेट्रोची आणि काँक्रीट रस्त्यांची कामं इतकी वर्षं चालली की तिथल्या धुळीत सिमेंट आणि खडीचा बारीक चुरा असतोच. तुर्भे, पावण्याच्या बाजूलाही दगडाची धूळ. ही धूळ क्लिअर कोटपेक्षा कठीण असते. ओला कपडा ती उचलत नाही, गाडीभर फिरवतो.

यात त्या माणसाचा दोष काय? महिन्याच्या थोड्या पैशांत त्याला रोज इतक्या गाड्या उरकायच्या असतात. त्याला सरळ सांगा: "भाऊ, माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि चाकं करा, पत्र्याला हात लावू नका. पैसे तेच." पहिले आठ दिवस तो विसरेल, हात सवयीने जाईल. वायपरखाली एक चिठ्ठी ठेवा. नंतर बसतं अंगवळणी. गाडीवर धूळ दिसली म्हणून शेजारचे काका "गाडी पुसत नाहीस का रे?" विचारतील, ते ऐकून घ्यायचं. बसलेल्या धुळीपेक्षा ती पुसण्यानेच गाडीचं जास्त बिघडतं.

आणि डिकीतला लांब धाग्यांचा तो तेलकट झटकणी ब्रश? काळ्या गाडीवर तो नकोच.

मग धुवायची कशी? आमच्याकडे पाइप लावून गाडी धुवायला सोसायटीची बंदी आहे.

बंदी योग्यच आहे, मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्यांसमोर पाइप सोडू नये. अशा ठिकाणी रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण कामाला येतं. ते पाण्यात मिसळतात, फेस होत नाही आणि नंतर पाण्याने विसळावं लागत नाही. त्यातले पॉलिमर मातीच्या कणाला वेढून घेतात आणि पृष्ठभाग निसरडा करतात. या प्रकारातल्या बऱ्याच बाटल्यांवर १ भागाला २५६ भाग पाणी असं प्रमाण असतं, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ४० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण वापरा. अंदाजाने जास्त ओतलंत तर काळ्यावर पट्टे राहतात.

काम असं करायचं. गाडी सावलीत आणि बॉनेट गार असताना सुरुवात. हेच द्रावण एका पंप स्प्रेमध्ये भरून एका वेळी एकच भाग भिजवायचा, उदाहरणार्थ अर्धं छत, आणि दोनेक मिनिटं थांबायचं. माती सैल होऊन खाली ओघळताना दिसते. मग बादलीत भिजवलेला जाड मायक्रोफायबर कपडा दोनदा दुमडून, आठ बाजूंपैकी एका बाजूने, नुसत्या कपड्याच्या वजनाने एका सरळ रेषेत ओढायचा. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही, परत मागे आणायचं नाही. पुढच्या पट्ट्याला नवी बाजू. आठही बाजू संपल्या की तो कपडा वेगळ्या बादलीत टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. वापरलेला कपडा स्वच्छ बादलीत परत बुडवायचा नाही, सगळी मेख इथे आहे. एका गाडीला सहा-सात कपडे लागतात. क्रम वरून खाली: छत, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी सिल आणि मागचा बंपर, कारण जाड माती तिथेच असते. चाकांचे कपडे कायमचे वेगळे ठेवा, रंगही वेगळा असू द्या.

पुसायला मोठा, पीळदार धाग्यांचा ड्राइंग टॉवेल घ्या. तो पसरून ठेवायचा, थोपटायचा, उचलायचा. जमिनीवर पडलेला कपडा, मग तो कितीही महाग असो, त्या क्षणापासून चाकांचा.

मात्र गाडी चिखलाने लडबडलेली असेल तेव्हा हा प्रकार करू नका. तिथे आधी प्रेशरचं पाणीच हवं.

वॉशिंग सेंटरला न्यावी का?

न्या, पण फक्त पाणी आणि फोमसाठी. सांगायचं: "प्रेशर मारा, फोम मारा, पाच मिनिटांनी परत प्रेशर मारा. कपडा आणि स्पंज लावू नका." तो आश्चर्याने बघेल, कारण त्याच्या हिशेबी स्पंज म्हणजेच सेवा. तिथला स्पंज सकाळपासून चिखल आणि ब्रेकची पूड खात असतो. पुसण्याचं काम तुमच्या टॉवेलने तुम्ही करा. फिरते ब्रश असलेलं ऑटोमॅटिक मशीन काळ्या गाडीला चालत नाही, यावर माझ्यापुरता वाद संपला आहे.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. गाडी धुतल्यावर पांढरे ठिपके राहतात.

ते पाण्यातले क्षार. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. थेंब वाळतो, क्षार तिथेच राहतात. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं, ठाण्याचं मोठ्या प्रमाणावर भातसा नदीतून. हे दोन्ही पृष्ठभागावरचं पाणी, त्यामुळे क्षार कमी. प्रश्न येतो तो टँकर आणि बोअरवेलच्या पाण्याचा. काही शे रुपयांत पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मिळतो. शंभराच्या आतलं पाणी काळ्या गाडीला उत्तम. तीनशेच्या पुढचं पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही.

घरात पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून "गाडीला घे" म्हणणारं कोणी ना कोणी असतंच. आरओ मशीन क्षार काढून त्याच पाण्यात ढकलतं, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं. मूळ पाणी महापालिकेचं असेल तर पहिल्या धुलाईला चालून जातं, टँकरचं असेल तर ते फरशीलाच वापरा.

याच्या नेमकं उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं, जवळपास डिस्टिल्ड. उन्हाळ्यात रात्रभर एसी चालला की बादलीत काही लिटर जमतं. जुन्या सुती कपड्यातून गाळून घ्या, मीटर बुडवून खात्री करा आणि शेवटच्या पाण्याला किंवा रिन्सलेस द्रावण बनवायला वापरा. फुकटात मिळणारी, काळ्या गाडीच्या इतक्या कामाची दुसरी वस्तू मला माहीत नाही.

आधीच पडलेले ठिपके ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून त्यात भिजवलेला कपडा गार पत्र्यावर मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तरीही गोल कडा दिसत राहिल्या तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला आहे, तो पॉलिशनेच जाईल.

स्टिल्ट पार्किंगमध्ये वरच्या स्लॅबमधून पाणी ठिबकतं. छतावर पांढऱ्या ओघळाचे डाग पडलेत.

जुन्या सोसायट्यांचा हा हमखास त्रास, आणि तो पक्ष्यांच्या विष्ठेइतकाच वाईट. स्लॅबमधून झिरपलेलं पाणी काँक्रीटमधला चुना सोबत घेऊन येतं. ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि वाळल्यावर दगडासारखं घट्ट बसतं. नखाने खरवडू नका. वरच्या उत्तरातलं व्हिनेगरचं मिश्रण टिश्यू पेपरवर घेऊन डागावर ठेवा. बारीक बुडबुडे दिसले तर ते विरघळतंय असं समजा. मिनिटभराने धुवा, उरलं तर परत करा. गाडी धुवून झाल्यावर मेण किंवा सीलंट (मेणासारखंच काम करणारा कृत्रिम थर) यांचा हात द्यावा लागेल.

आणि सेक्रेटरींना पत्र द्या. वॉटरप्रूफिंग पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत होणार नाही, पण थेंबाखाली तिरका पत्रा लावायला सभा लागत नाही.

भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर किंवा डोक्याचा शॅम्पू चालतो का?

कपड्यांची पावडर अजिबात नाही, ती अल्कधर्मी असते आणि न विरघळलेला कण ओरखडा पाडू शकतो. भांड्यांच्या लिक्विडने एकदा धुतल्याने रंग जात नाही, पण वरचं मेण जातं. पॉलिशच्या आधी जुनं मेण मुद्दाम काढायचं असेल तर ठीक. डोक्याचा शॅम्पू डोक्याला. कार शॅम्पूची बाटली महाग वाटते, पण बादलीला दोन झाकणं या हिशेबाने ती बरेच महिने पुरते.

ड्रायव्हरकाका डिझेलचा हात मारतात, गाडी मस्त काळीभोर दिसते.

संध्याकाळपर्यंत. तेलाचा पातळ थर चऱ्यांत भरतो म्हणून ती काळीभोर दिसते. मग त्याच तेलावर दिवसभराची धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशी ती पुसावी लागते. वर रबराच्या पट्ट्या फुगतात. रॉकेलही तसंच. डांबराचे ठिपके काढायला कापसाच्या बोळ्यावर थेंबभर रॉकेल घेऊन लगेच शॅम्पूने धुतलं तर चालेल. पेट्रोल मात्र नको.

पावसाळ्यात गाडी आपोआप धुतली जाते ना?

येऊरच्या उतारावर उभी असेल तर कदाचित. रस्त्यावर चालणारी गाडी पुढच्या डंपरच्या चाकातून उडणारं राड्याचं पाणी अंगावर घेते. खाडीपुलावरून किंवा पाम बीच रोडने येत असाल तर हवेतला खारटपणा भर घालतो. पाऊस थांबून ऊन पडलं की ते सगळं तिथेच भाजतं.

जून ते सप्टेंबर माझा क्रम साधा आहे: हात जितका कमी तितकं बरं. आठवड्यातून एकदा प्रेशरने चाकांच्या कमानी आणि खालचा भाग, वर फोम, आणि टॉवेलऐवजी ब्लोअरने वाळवणं. ब्लोअर नसेल तर मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटं गाडी फिरवून आणा, मोठे थेंब उडून जातात. पावसाच्या आधी, मेच्या शेवटी, सीलंटचा एक थर द्या. पाणी आणि चिखल दोन्ही लवकर निसटतात.

कव्हर घालू का?

रोज चालणाऱ्या गाडीला नको. धुळीवर कव्हर, त्यावर वारा, म्हणजे रात्रभर पॉलिश पेपर फिरवणं. दोन आठवडे गावाला जात असाल आणि गाडी धुतलेली, कोरडी, आतल्या पार्किंगमध्ये असेल तर मऊ अस्तराचं घाला.

झाडाखाली लावावी की उन्हात?

हा प्रश्न ठाण्यात वर्षभर सुटत नाही. मेच्या दुपारी काळ्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही. पण सावली देणाऱ्या झाडाचा हिशेबही चुकवावा लागतो. पर्जन्यवृक्षाखाली किड्यांचा चिकट स्राव टपकतो. सोनमोहोराची पिवळी फुलं पावसाच्या पहिल्या सरीत पत्र्याला चिकटून डाग सोडतात. जंगली बदाम आणि जांभळाच्या झाडावर रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी बॉनेटवर जांभळी नक्षी असते.

विष्ठेचं खरं नुकसान उन्हात होतं. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, वरची विष्ठा वाळून आकसते आणि आम्लही आपलं काम करत असतं. मे महिन्यात सकाळचा डाग संध्याकाळपर्यंत ठसा होतो. त्यामुळे डिकीत कायम तीन वस्तू ठेवा: रिन्सलेस द्रावणाची छोटी स्प्रे बाटली, टिश्यू, दोन स्वच्छ मायक्रोफायबर. दिसला डाग की भरपूर फवारा, वर ओला टिश्यू दोन-तीन मिनिटं, मग बाहेरून आत उचलून घ्या. घासू नका, त्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात. ऑफिसला उशीर होत असेल तर निदान ओला टिश्यू ठेवून जा.

ऊन की झाड, यात मी ऊन निवडतो आणि काचेला सनशेड लावतो.

गाडी धुतल्यावरही पत्र्याला हात लावला की खरखरीत लागतं.

बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवर हळूच फिरवा, खरखर दुप्पट जाणवेल. ती धूळ नाही, रुतून बसलेले कण आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला ठाणे-वाशी रेल्वे. रुळांची, चाकांची आणि ब्रेकची लोखंडी पूड हवेतून येते आणि क्लिअर कोटवर बसून गंजते. स्टेशनबाहेर रोज गाडी लावणाऱ्यांना हे जास्त.

यावर आयर्न रिमूव्हर मिळतो. धुतलेल्या गार गाडीवर मारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात. लोखंडाशी झालेली ती रासायनिक क्रिया असते. वास सडक्या अंड्यांचा येतो, म्हणून हे काम उघड्यावर करा आणि वाळू न देता धुवून काढा. वर्षातून दोनदा पुरे.

याच्यापुढची पायरी क्ले बारची, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ वडीची. पण काळ्या रंगावर क्ले स्वतःच बारीक खुणा सोडते. म्हणून ती पॉलिशच्या आधीच करायची, दर महिन्याचा विधी म्हणून नाही.

रबिंग-पॉलिश दर सहा महिन्यांनी करून घेतो. ठीक आहे ना?

नाही. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत आणणं. एका पूर्ण करेक्शनमध्ये, म्हणजे सगळे चरे काढणाऱ्या पॉलिशमध्ये, दोन-चार मायक्रॉन सहज जातात. उन्हापासून वाचवणारे घटकही याच थरात असतात. तो पातळ होत गेला की काही वर्षांनी छत आणि बॉनेट पांढरट पडून पापुद्रे सुटतात, आणि मग रंगकामाशिवाय इलाज नाही. पूर्ण करेक्शन तीन-चार वर्षांतून एकदा, मधे गरज पडली तर हलकं फिनिशिंग पॉलिश, एवढंच बजेट समजा.

कोण करतोय हेही बघा. कोपऱ्यावरच्या दुकानात बहुधा रोटरी मशीन असतं. ते एकाच अक्षावर जोरात फिरतं, घाईच्या हाताने चालवलं की काळ्यावर तेलाच्या तवंगासारखे हलणारे पट्टे राहतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन फिरता फिरता डोलतं, त्यामुळे हळू पण सुरक्षित. कामाआधी रंगाची जाडी मोजणारा मीटर लावतो तो कारागीर विचार करणारा समजा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दरवाज्यावर २५० आलं तर तो पुन्हा रंगवलेला आहे.

पैसे देण्याआधीची एक अट आधीच ठरवून घ्या: पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून, गाडी उन्हात काढून बघायची. स्वस्त पॉलिशमधली तेलं आणि फिलर चरे झाकतात, दोन-तीन धुलाईंत सगळे परत हजर होतात. अल्कोहोलने ती झाकपाक लगेच उघडी पडते. या अटीवर जो आढेवेढे घेतो, तिथून निघा.

टेफ्लॉन, मेण, सिरॅमिक, पीपीएफ. नेमकं काय घेऊ?

टेफ्लॉनचं आधी. तव्यावरचं टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर ते तशा उष्णतेतच बसवतात. गाडीवर तेवढी उष्णता दिली तर गाडी उरणार नाही. "टेफ्लॉन कोटिंग" म्हणून जे मिळतं ते बहुधा चांगलं पॉलिश आणि सीलंट असतं. काही महिने चमकतं, पण नावाचे पैसे देऊ नका.

कार्नोबा मेण काळ्यावर सुंदर दिसतं, रंगाला एक ओलावा येतो. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. आपल्याकडे मेमध्ये काळा पत्रा त्याच्या फार खाली नसतो, म्हणून इथे ते आठवड्यांच्या हिशेबात टिकतं. पाडव्याला, दिवाळीला, फोटो काढायच्या आदल्या दिवशी लावा, हौस म्हणून.

सिरॅमिक कोटिंग कामाचं आहे, फक्त विकताना जे सांगतात ते सगळं खरं नाही. हा सिलिकावर आधारलेला, मायक्रॉनभराच्या आसपासचा थर. पाणी आणि माती लवकर निसटते, विष्ठेला थोडा जास्त वेळ थोपवतो, धुणं सोपं होतं. "नाइन-एच कडकपणा" ही पेन्सिलने ओरखडा पाडून बघायच्या चाचणीतली श्रेणी आहे, हिऱ्यादगडांच्या मापातली नाही. किल्लीचा ओरखडा, खडीचा टिपका, घाणेरडा कपडा यांपैकी काहीच तो अडवत नाही. आणि टँकरच्या पाण्याचे थेंब त्यावर गोल, उंच उभे राहतात आणि उन्हात वाळून जास्त ठळक ठिपके पाडतात. "कोटिंग आहे, आता धुवायची गरज नाही" असं मानणाऱ्यांच्या गाड्या दोन वर्षांत सगळ्यात वाईट दिसतात.

शिवाय कोटिंगच्या आधी पॉलिश झालंच पाहिजे. चऱ्यांवर कोटिंग केलं तर चरेच जपून ठेवल्यासारखं होतं. दोन्ही कामांना मिळून किमान दोन दिवस लागतात. सकाळी टाका, संध्याकाळी न्या म्हणणाऱ्याने कोणती तरी पायरी गाळलेली असते.

पीपीएफ म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. खरं संरक्षण हेच, बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. पूर्ण गाडीचा खर्च मात्र लाखाच्या घरात जातो. रोज हायवेवर असाल तर पुढचा बंपर, बॉनेट, आरसे आणि दरवाज्यांच्या मुठीखालच्या वाट्या एवढ्यांनाच लावा, बाकीवर सिरॅमिक किंवा साधा सीलंट. नखांचे सगळ्यात जास्त ओरखडे त्या वाट्यांतच असतात.

खिसा तंग असेल तर मी सिरॅमिक सोडून देईन आणि त्या पैशांत चांगलं पॉलिश, डझनभर कपडे आणि दर तीन महिन्यांनी लावायचा स्प्रे सीलंट घेईन.

नवी काळी गाडी बुक केली आहे. डिलिव्हरीच्या वेळी काय सांगू?

लेखी सांगा की गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, अंगावरच्या प्लास्टिक पट्ट्या काढायच्या नाहीत. डिलिव्हरीच्या गडबडीत तिथला कपडा पंचवीस गाड्यांवर फिरलेला असतो आणि नवी गाडी पहिल्याच दिवशी जाळी घेऊन घरी येते. सेल्समनला ही मागणी विचित्र वाटते. हार आणि रिबनसह धुळीत माखलेल्या गाडीचा फोटो काढायला तयार रहा.

दसऱ्याला आई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते. नाही कसं म्हणू?

म्हणूच नका. गाडी आदल्या संध्याकाळी धुवा, म्हणजे बोटाखाली धूळ येणार नाही. कुंकू कोरडं न घेता थोड्या पाण्यात कालवून द्या आणि "आई, काचेवर काढ ना, समोरून छान दिसतं" असं सुचवून बघा. काचेला काही होत नाही. बॉनेटवरच हवं असेल तर पूजा झाल्यावर तासाभरात भिजवून उचला. हळदीचा डाग उन्हात राहू देऊ नका. झेंडूचा हार तारेऐवजी दोऱ्याने बांधा आणि बंपरला टेकणारी गाठ मागे वळवा. नारळ गाडीपासून दहा पावलं पुढे फोडा.

गुलाल आणि रंगपंचमीचा कोरडा रंग याला वेगळा नियम. आधी हवेने किंवा पाण्याच्या धारेने उडवा, हात सगळ्यात शेवटी. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर त्या रात्री गाडी लावूच नका.

काळी गाडी अशुभ म्हणणाऱ्या मावशींना संक्रांतीच्या काळ्या साडीची आठवण करून द्या.

चुलत भावाच्या लग्नासाठी गाडी मागितली आहे, सजवून.

फुलं चालतील, सेलोटेप नाही. सजावटवाल्याला सांगा की सगळं काही दरवाज्यांच्या आणि डिकीच्या फटीतून आत घेतलेल्या रुंद कापडी पट्ट्यांवर बांधायचं, पत्र्याला काही चिकटवायचं नाही. नवरदेवाच्या नावाची पाटी मागच्या काचेवर. रात्री हॉलवरून निघण्याआधी सजावट स्वतः उतरवा. उत्साही मित्रमंडळी ती ओढून काढतात.

दरवाज्यांच्या खांबांवरचं चकचकीत काळं प्लास्टिक सगळ्यात आधी खराब होतं.

पियानो ब्लॅक. हे प्लास्टिक ओरखड्यांच्या बाबतीत फार नाजूक असतं आणि चढता-उतरता हात तिथेच लागतो. नवं असतानाच पीपीएफच्या पट्ट्या लावून टाका, तयार कापलेल्या मिळतात.

धुळीने भरलेल्या बॉनेटवर पोरांनी बोटाने "मला धुवा" लिहिलं. पुसलं तर अक्षरं तशीच!

कारण बोटाने धूळ दाबून घासली गेली, आणि वर तुम्ही कोरडं पुसलंत. व्यवस्थित धुतल्यावर उन्हात बघा. पुसट दिसत असेल तर त्या भागापुरता फिनिशिंग पॉलिशचा हलका हात पुरतो, पूर्ण बॉनेट घासायला देऊ नका. पोरांवर ओरडलात तर पुढच्या वेळी दगडाने लिहितील. मागच्या काचेवर लिहा म्हणावं, तिथे हवं ते.